‘चुकीच्या’ वाक्यांचा हजार वर्षांचा इतिहास

जानेवारी 2019मध्ये इटलीत एका क्रियापदावरून मोठा गदारोळ झाला. फ्लॉरेन्सच्या ‘आकादेमिया देल्ला क्रुस्का’ या संस्थेकडे लोक भाषेविषयीच्या शंका पाठवतात आणि संस्थेचे अभ्यासक त्यांना उत्तरं देतात. त्यातली एक शंका अशी होती : ‘बाळाला बसव’ या अर्थी ‘सिएदी इल बाम्बिनो’ म्हणणं बरोबर आहे का? आपल्याकडे बसणे–बसवणे, उतरणे–उतरवणे अशा जोड्या आयत्या आहेत. इटालियनमध्ये ‘सेदेरे’ म्हणजे फक्त बसणे. दुसऱ्याला बसवायचं असेल तर ‘करणे’ या अर्थाचं क्रियापद मदतीला घेऊन ‘बसायला लाव’ अशी रचना करावी लागते. दक्षिण इटलीतली माणसं मात्र घरात ही मदत घेत नाहीत. ‘कुत्र्याला खाली ने’ म्हणायचं असेल तर ती सरळ ‘शेंदी इल काने’ म्हणतात. शब्दशः ते ‘कुत्र्याला उतर’ असं होतं, पण ऐकणाऱ्याला अर्थ नेमका कळतो.

क्रुस्काचे भाषाभ्यासक व्हित्तोरिओ कोलेत्ती यांनी उत्तर दिलं की घरगुती, प्रादेशिक बोलण्यात ही रचना रुळलेली आहे, ती आटोपशीर आहे आणि तिथे तिला मनाई करण्याचं कारण दिसत नाही. लेखनात ती चालेल असं त्यांनी म्हटलं नव्हतं. तरी ‘क्रुस्काने परवानगी दिली’ अशा बातम्या झाल्या. भाषेची रखवालदार संस्थाच अडाण्यांपुढे झुकली, असा सूर उमटला. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लाउदिओ मारात्सिनी यांना खुलासे करावे लागले.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं. हेच ‘शेंदेरे’ क्रियापद ‘जिना उतरणे’ या अर्थी कर्म घेऊन प्रमाण इटालियनमध्ये केव्हापासून चालतं. वाढणे या अर्थाचं ‘क्रेशेरे’ आता ‘मुलं वाढवणे’ या अर्थानेही वापरलं जातं आणि त्यावरून कोणाची झोप उडत नाही. म्हणजे अकर्मक क्रियापदाने कर्म घेणं ही इटालियनची जुनीच खोड आहे. दक्षिणेतल्या लोकांनी ती आणखी चार क्रियापदांपर्यंत नेली, एवढंच. मग राग कशाचा होता? रचनेचा, की ती रचना सिसिलीच्या आणि नेपल्सच्या घरांतून आली याचा?

युरोपीय भाषांतल्या वाक्यरचनांचा इतिहास चाळला की हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. माझं म्हणणं असं आहे की रचना बदलताना समाजाने दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले आहेत. एक, या बदलाने अर्थ सांगण्याची सोय वाढते की घटते? दोन, हे कोण बोलतं? पहिला प्रश्न भाषेचा आहे, दुसरा प्रतिष्ठेचा. आणि शतकानुशतकं आपण दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या नावावर खपवत आलो आहोत.

इटालियन भाषेचा पहिला निःसंशय लेखी पुरावा पाहा. मार्च 960मध्ये कापुआ इथे न्यायाधीश आरेकिसी यांच्यासमोर जमिनीचा एक खटला चालला. मोंतेकास्सिनोचा मठ एका बाजूला, आक्विनोचा रोदेल्ग्रिमो दुसऱ्या बाजूला. निवाड्याचा कागद लॅटिनमध्ये आहे, पण साक्षीदारांची शपथ लोकांच्या बोलीत जशीच्या तशी उतरवून घेतली आहे : ‘साओ को केल्ले तेर्रे, पेर केल्ले फिनी क्वे की कोन्तेने, त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सान्क्ती बेनेदिक्ती.’ मला ठाऊक आहे की त्या जमिनी, इथे सांगितलेल्या हद्दीतल्या, त्या तीस वर्षं संत बेनेदिक्ताच्या मठाने ताब्यात ठेवल्या.

यातला ‘ले’ म्हणजे ‘त्या’. ‘त्या जमिनी’ असं आधीच म्हणून झालं असताना क्रियापदाजवळ पुन्हा एकदा ‘त्या’ आला आहे. ज्याविषयी बोलायचं ते आधी पुढे मांडायचं आणि मग सर्वनामाने त्याला वाक्यात बांधून घ्यायचं, अशी ही रचना. ‘तो कोपऱ्यावरचा वाडा, तो पाडला’ असं आपणही म्हणतोच. वादाचा विषय काय ते आधी न्यायाधीशासमोर ठेवलं, मग त्याबद्दलची माहिती दिली. साक्ष देताना याहून स्वच्छ मांडणी सुचणं कठीण.

पुढे इटलीच्या शाळांनी याच रचनेला पुनरुक्तीचा दोष ठरवलं. ‘आ मे मी प्याचे’, म्हणजे ‘मला, मला आवडतं’, हे वाक्य पिढ्यान् पिढ्या मुलांना चुकीचा नमुना म्हणून शिकवलं गेलं आहे. ‘आ मे’ आणि ‘मी’ दोन्हींचा अर्थ ‘मला’ असताना दोनदा कशाला, हा युक्तिवाद. पण पहिला ‘मला’ विषय पुढे ठेवतो (‘माझ्यापुरतं म्हणाल तर’), दुसरा क्रियापदाची गरज भागवतो. दोघांचं काम वेगळं आहे. ज्या रचनेने इटालियन भाषेची कागदावरची पहिली ओळ लिहिली गेली, तिलाच इटालियन न येण्याची खूण मानलं जावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

सर्वनामांची कथाही अशीच. पिएत्रो बेम्बो या विद्वानाने 1525मध्ये इटालियन गद्याचा आणि पद्याचा आदर्श चौदाव्या शतकातल्या पेत्रार्क आणि बोकाच्चो यांच्या लेखनात शोधला. त्या आदर्शानुसार ‘तो’ हा कर्ता असेल तर ‘एल्यी’ म्हणायचं. ‘लुई’ हे रूप कर्त्याच्या जागी निषिद्ध. लोक मात्र बोलताना ‘लुई’च म्हणत राहिले. आलेस्सांद्रो मान्झोनीने आपली कादंबरी 1827मध्ये छापली, मग फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीचा अभ्यास करून ती 1840 ते 1842 या काळात नव्याने काढली, तेव्हा अनेक ठिकाणचे ‘एल्यी’ त्याने काढून ‘लुई’ घातले किंवा सर्वनामच गाळलं. इटलीतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबरीने हे केलं, तरी शाळेच्या पुस्तकांत ‘एल्यी’ पुढची शंभर वर्षं धातुरूपांच्या तक्त्यांत टिकून राहिला. कोणी बोलत नव्हतं तो शब्द मुलं पाठ करत होती. 1985मध्ये भाषाभ्यासक फ्रान्चेस्को साबातिनी यांनी ‘मध्यम वापराची इटालियन’ अशी संकल्पना मांडली आणि शिकलेली माणसंही रोज वापरतात अशा ‘चुकां’ची यादी समोर ठेवली. कर्त्याच्या जागी ‘लुई’ त्यात होता आणि विषय पुढे मांडणाऱ्या रचनाही होत्या. त्यातल्या पुष्कळशा शतकानुशतकं जुन्या आहेत, हेही त्यांनी दाखवलं. नवं काही बिघडलं नव्हतं. आधीपासून होतं ते आता लिखाणात दिसू लागलं होतं.

रचना बदलते कशी, हे जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. कारण ते कळलं की ‘बिघाड’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

अभिजात लॅटिनमध्ये ‘मी गाईन’ साठी ‘कान्ताबो’ हे एकच रूप होतं. लोकांच्या बोलण्यात त्याच्या शेजारी ‘कान्तारे हाबेओ’ अशी जोडरचना आली. ‘हाबेओ’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, तेव्हा तिचा मूळ भाव आपल्या ‘मला गायचं आहे’ याच्या जवळचा. जे करायचं आहे ते पुढे होणार असतं, म्हणून कर्तव्याचा भाव हळूहळू भविष्यकाळाकडे सरकला. मग दोन शब्द एकमेकांना चिकटले, झिजले, आणि इटालियनमध्ये ‘कान्तेरो’, फ्रेंचमध्ये ‘शांतरे’ तयार झालं. आज ज्याला आपण प्रत्यय म्हणतो तो एकेकाळी स्वतंत्र क्रियापद होता.

हा बदल घडताना जणू रंगेहाथ सापडलेली एक जागा आहे. सातव्या शतकात फ्रँकांच्या राज्यात लिहिलेली एक बखर फ्रेडेगारच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात सम्राट जस्टिनियन आणि पराभूत इराणी राजा यांचा संवाद येतो. जस्टिनियन प्रांत मागतो. राजा म्हणतो, ‘नोन दाबो’, देणार नाही. सम्राट उत्तर देतो, ‘दारास’, देशील. आणि म्हणून त्या जागी उभ्या राहिलेल्या शहराचं नाव दारास पडलं, असं बखरकार सांगतो. व्युत्पत्ती काल्पनिक आहे, पण भाषेच्या इतिहासासाठी ती ओळ अमोल आहे. इराणी राजाच्या तोंडी जुना लॅटिन भविष्यकाळ, सम्राटाच्या तोंडी ‘दारे हाबेस’ झिजून झालेला नवा. दोघं एकाच क्षणी बोलताहेत आणि दोघांनाही एकमेकांचं समजतंय. भाषा कोसळली आणि मग तिच्या ढिगाऱ्यातून दुसरी उठली, असं काही झालं नाही.

भूतकाळाचंही तसंच. ‘हाबेओ लित्तेरास स्क्रिप्तास’ : माझ्याकडे पत्रं आहेत, लिहिलेली. यात ‘लिहिलेली’ हे पत्रांचं विशेषण आहे. पत्रं बहुधा माझ्याच हातची असतात, म्हणून ऐकणाऱ्यांनी ते ‘मी पत्रं लिहिली आहेत’ असं घेतलं. शब्द तेच, क्रमही जवळपास तोच, पण मनातली मांडणी बदलली. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘मी पत्रं लिहिली’ यात आपलं क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं ते का? कारण तेही मुळात कर्मणी धातुसाधित विशेषण आहे. ‘मया पत्राणि लिखितानि’ या धर्तीच्या रचनेतून आलेलं. एकाच भाषाकुलाच्या दोन टोकांना, एकमेकांचा काही संबंध नसताना, ‘लिहिलेलं’ या विशेषणातून भूतकाळ घडवला गेला.

इटालियनमध्ये या जुन्या विशेषणपणाचे अवशेष अजून आहेत. ‘मी पत्र लिहिलं’ म्हणताना आता ते रूप बदलत नाही, पण आधी तृतीयपुरुषी सर्वनाम आलं तर ते त्या सर्वनामाप्रमाणे चालवावंच लागतं. आणि इथे शेजारच्या फ्रेंचमधली हकिकत सांगायलाच हवी. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने एक छोटी कविता लिहून फ्रेंचांना हा नियम शिकवला आणि पुरावा म्हणून इटालियनचा दाखला दिला. नियम पुढे वैयाकरणांनी उचलला, त्याला अपवाद जोडले, आणि आज फ्रेंच बोलणाऱ्या मुलांच्या शालेय आयुष्यातला तो सगळ्यात जाचक विषय आहे. बहुतेक क्रियापदांत हा फरक कानाला ऐकूही येत नाही, फक्त कागदावर दिसतो. 2018मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी, आर्नो उद आणि जेरोम पिरों यांनी, ‘आव्वार’ या सहायक क्रियापदाबरोबर हे रूप बदलूच नये असा प्रस्ताव जाहीरपणे मांडला. फ्रान्समध्ये त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. बोलीतून नैसर्गिकपणे विरत चाललेल्या गोष्टीला शाळेच्या बळावर पाचशे वर्षं धरून ठेवता येतं, याचं हे उदाहरण. पण तिची किंमत प्रत्येक पिढीतल्या मुलांना मोजावी लागते.

कधी कधी उलट होतं. मोठा बदल होतो आणि कोणी हूं की चूं करत नाही. साधा भूतकाळ, ‘व्हिदी’ म्हणजे ‘मी पाहिलं’, उत्तर इटलीच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. मिलानमध्ये काल पाहिलेलं असो की बालपणी, ‘ओ व्हिस्तो’ म्हणजे ‘मी पाहिलं आहे’ हेच. सिसिलीत आज सकाळी पाहिलेल्यालाही ‘व्हिदी’ चालतं. तोस्कानात दोन्ही रूपं आपापल्या अर्थाने जगतात. फ्रेंचच्या बोलण्यातून असाच साधा भूतकाळ गेला, दक्षिण जर्मनीतूनही गेला. एक अख्खा काळ बोलण्यातून नाहीसा होणं ही ‘कुत्र्याला उतर’पेक्षा कितीतरी मोठी घटना. पण ती मिलान, पॅरिस, म्युनिक अशा शहरांत घडली, आणि तिथल्या बोलण्याला अडाणी म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

सत्तेने रचना बदलायचा प्रयत्न केल्याचंही उदाहरण इटलीतच आहे. परक्या माणसाशी आदराने बोलताना इटालियन लोक ‘लेई’ हे तृतीयपुरुषी सर्वनाम वापरतात. जानेवारी 1938मध्ये ब्रूनो चिकोन्यानी या लेखकाने ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ या दैनिकात लिहिलं की हा परकी गुलामगिरीचा अवशेष आहे, रोमन बाण्याला ‘व्होई’, म्हणजे ‘तुम्ही’, हेच शोभतं. फॅसिस्ट पक्षाने ते उचलून धरलं. पक्षात, कचेऱ्यांत, शाळांत ‘लेई’ बंद. ‘लेई’ नावाच्या स्त्रियांच्या साप्ताहिकाला नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ करावं लागलं, वास्तविक तिथे त्या शब्दाचा अर्थ साधा ‘ती’ असा होता. राजवट पडली आणि ‘लेई’ परत आला. दक्षिणेत ‘व्होई’ आधीपासून होता, तो तसाच राहिला. पोलिसी हुकूम आणि शिक्षकाची लाल शाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मान्य आहे. पण लोकांच्या तोंडातली रचना वरून काढून घेता येते, हा समज दोन्हीकडे सारखाच आहे.

मग काहीही चालवून घ्यायचं का? नाही. इथे मी ‘भाषा वाहती आहे, वाहू द्या’ म्हणणाऱ्यांपासून वेगळा होतो.

‘प्युत्तोस्तो के’ हा इटालियन शब्दप्रयोग घ्या. त्याचा प्रस्थापित अर्थ ‘च्यापेक्षा, च्याऐवजी’. ‘डोंगरात जाण्यापेक्षा मी समुद्रावर जाईन.’ 1980च्या दशकापासून उत्तरेकडच्या, विशेषतः मिलानच्या, सुस्थित वर्गात तो नुसता ‘किंवा’ या अर्थाने वापरला जाऊ लागला आणि टीव्हीवरच्या निवेदकांनी तो देशभर नेला. आता ‘सुट्टीत समुद्र प्युत्तोस्तो के डोंगर’ म्हटलं तर बोलणाऱ्याने एक पर्याय नाकारला, की दोन्ही खुले ठेवले? वाक्यातून कळत नाही. करारात किंवा औषधाच्या सूचनेत असं वाक्य आलं तर घोटाळा अटळ. क्रुस्काच्या वतीने ओर्नेल्ला कास्तेल्लानी पोल्लिदोरी यांनी या वापराला स्पष्ट नकार दिला आणि तो योग्यच होता. या बदलाने एक उपयोगी भेद पुसला जातो आणि त्या बदल्यात काही मिळत नाही, कारण ‘किंवा’साठी छोटासा ‘ओ’ हजर आहेच. तरी सामान्य लोकांनी तो आपलासा केला, कारण तो उंची कपड्यांतल्या माणसांच्या तोंडी होता. दक्षिणेतल्या आईचं निरुपद्रवी ‘बाळाला बस’ हसण्यावारी जातं आणि स्टुडिओतला हा अर्थबुडव्या प्रयोग रुबाबदार वाटतो. प्रतिष्ठेच्या तराजूत भाषा तोलली की असं होतं.

अर्थाची कसोटी नवी नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन प्रवचन देत असताना त्याच्यासमोर एक अडचण होती. लॅटिनमध्ये ‘ओस’ म्हणजे तोंड आणि ‘ओस’ म्हणजे हाड. फरक फक्त स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाचा, आणि आफ्रिकेतल्या श्रोत्यांच्या कानांना तो फरक उरला नव्हता. त्याने हाडासाठी वैयाकरणांना अमान्य असलेलं ‘ओस्सुम’ हे लोकांचं रूप वापरलं आणि कारणही सांगितलं : लोकांना न समजण्यापेक्षा वैयाकरणांनी आम्हांला बोल लावलेला बरा. स्वतः वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक राहिलेला माणूस हे म्हणत होता. आजचं इटालियन ‘ओस्सो’ त्याच रूपातून आलं आहे.

याच कसोटीवर ‘से लो सापेवो, व्हेनिवो’ पाहा. ‘कळलं असतं तर आलो असतो’ हे सांगायला प्रमाण इटालियनमध्ये एका बाजूला संशयार्थी आणि दुसऱ्या बाजूला संकेतार्थी अशी दोन भारदस्त रूपं लागतात. बोलताना लोक दोन्हीकडे साधा अपूर्ण भूतकाळ ठेवून मोकळे होतात. ‘तर’ची अट वाक्यात आहे, संदर्भ आहे, अर्थ चुकत नाही, आणि जुन्या गद्यातही ही रचना सापडते. तरीही ‘संशयार्थाचा मृत्यू’ हा इटालियन सार्वजनिक जीवनातला कायमचा शोक आहे. एखादा मंत्री ते रूप चुकला तर त्याच्या धोरणापेक्षा त्या रूपाची चर्चा जास्त होते. ‘ले’ म्हणजे ‘तिला’ ऐवजी सरसकट ‘ल्यी’ म्हणजे ‘त्याला’ वापरण्याबद्दल मात्र मी सावध राहीन. तिथे खरोखर भेद पुसला जातो, आणि लेखनात बोलणारा समोर नसतो.

याच्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात गंभीर आवाज फेब्रुवारी 2017मध्ये उठला. इटलीतल्या सहाशे प्राध्यापकांनी सरकारला आणि संसदेला खुलं पत्र लिहिलं की विद्यापीठात येणाऱ्या मुलांना धड लिहिता येत नाही, वाक्यरचनेच्या चुका प्राथमिक शाळेतल्या वाटाव्यात अशा असतात. ही काळजी मी उडवून लावणार नाही. लांब वाक्य पेलता न येणं, कारण आणि परिणाम यांची सांगड वाक्यात घालता न येणं, हे मोठं नुकसान आहे. अशा मुलाला कायदा वाचता येत नाही, स्वतःची तक्रार नीट मांडता येत नाही. पण हे ‘आ मे मी’ म्हणण्यामुळे होत नाही. ते वाचायला आणि लिहायला पुरेसं न मिळाल्यामुळे होतं. दोन्ही गोष्टी एकाच ‘भाषेच्या ऱ्हासा’त कोंबल्या की शाळा सोपं काम उचलते, सर्वनामांवर लाल खुणा करते, आणि अवघड काम तसंच राहतं.

इटलीत या गोंधळाची झळ कोणाला बसली, हे विसरता येत नाही. 1861मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे, भाषाभ्यासक तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार, लोकसंख्येच्या अवघे अडीच टक्के होते. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा वाढवला तरी दहा टक्क्यांच्या आसपासच नेला. बाकी सगळे आपापल्या बोलीत जगत होते. ती मुलं शाळेत आली तेव्हा घरातलं प्रत्येक वाक्य ‘चूक’ निघालं. तोस्कानातल्या बार्बियाना या डोंगरी खेड्यात लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने शाळांनी नापास करून टाकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. 1967मध्ये त्या मुलांनी एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेलं पत्रवजा पुस्तक बाहेर आलं. नागरिकांत भाषेवरून भेद करायचा नाही असं राज्यघटना सांगते. तुम्ही मात्र घटनेपेक्षा व्याकरणाला जास्त मान देता, असं त्यांनी त्यात लिहिलं. त्याच मिलानीने मुलांकडून वर्तमानपत्रं वाचून घेतली, परक्या भाषा शिकवल्या, एकेक वाक्य सगळ्यांनी मिळून घासून पुसून लिहायला लावलं. प्रमाण भाषा सोडून द्या असं तो कधीच म्हणाला नाही. ती गरिबाच्या हाती आली पाहिजे, यासाठी त्याने आयुष्य वेचलं. दे माउरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975मध्ये भाषाशिक्षणाविषयी जी दहा सूत्रं मांडली, त्यांचा रोख हाच होता : मुलाच्या बोलीपासून सुरुवात करा आणि तिथून जितकं लांब नेता येईल तितकं न्या.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. मराठीचं शालेय व्याकरण संस्कृत परंपरेइतकंच युरोपीय चौकटीचंही देणं लागतं. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण 1805चं, दादोबा पांडुरंगांचं 1836चं. त्याच्या कितीतरी आधी, 1640मध्ये, गोव्यात राशोल इथे थॉमस स्टीफन्स यांचं कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये छापलं गेलं. त्या चौकटींबरोबर ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ यांची युरोपीय काटेकोर विभागणीही आपल्याकडे रुजली.

इटालियनमध्ये ‘मी खातो आहे’ साठी ‘स्तो मान्जान्दो’ म्हणतात. ‘स्तारे’ म्हणजे मुळात उभं असणं, राहणं. म्हणजे अक्षरशः ‘खात राहिलो’. एकेकाळी मर्यादित असलेली ही रचना गेल्या दोन शतकांत फोफावली, आज ती प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि रोममधला कोणीही न्यायाधीश ती बिनदिक्कत वापरतो. वऱ्हाडात ‘मी खाऊन राहिलो’ म्हणतात. तीच कल्पना, राहण्याच्या क्रियापदातून चालू काळ घडवण्याची तीच वाट. तिने अर्थ धूसर होत नाही, उलट नेमका होतो. पण पुण्यामुंबईत तिची नक्कल करून हशा मिळवला जातो. दुसरीकडे ‘मला मदत कर’ ऐवजी ‘माझी मदत कर’ हा शहरी, जाहिरातींतला, मालिकांतला प्रयोग सहज शिरला आहे. ‘त्याची मदत झाली’ म्हणजे त्याने केलेली मदत, हा अर्थ मराठीत पक्का असताना ‘त्याची मदत केली’ म्हणजे त्याला केलेली मदत, असं म्हणू लागलो, तर मदत देणारा कोण आणि घेणारा कोण हे सांगणारा विभक्तीचा भेद झिजायला लागतो. वऱ्हाडी रचनेपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

वही तपासताना शिक्षकांनी दोन वेगळ्या खुणा वापराव्यात, असं मी सुचवेन. जिथे अर्थ दुहेरी झाला किंवा हरवला तिथे एक. जिथे रचना निर्दोष आहे, पण अर्जात, अहवालात, परीक्षेच्या निबंधात अजून वापरत नाहीत, तिथे दुसरी. आणि तिचे गुण कापू नयेत, फक्त शेजारी प्रमाण रूप लिहावं. अकोल्याच्या मुलाच्या वहीत ‘करून राहिलो’ आलं, तर त्याला ही दुसरी खूण मिळावी. मग ‘करतो आहे’ आणि ‘करून राहिलो’ ही दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, आणि घरी कोणतं, बँकेतल्या अर्जावर कोणतं, गोष्ट सांगताना कोणतं, हे मुलांनाच बोलू द्यावं.